कोतवालाच्या नावाने भिक्षा

परंडा तालुक्यातल्या सोनारीचा काळभैरवनाथ कितीतरी घरांचं कुलदैवत आहे. चैत्रात यात्रा भरते, नवस फेडले जातात, गावच्या साखर कारखान्यालाही भैरवनाथाचंच नाव आहे. देवाची कथा आपण हात जोडून ऐकतो, त्यामुळे ती किती अचाट आहे ते ध्यानात येत नाही. एकदा तिच्याकडे गुन्हेकथा म्हणून बघा.

शिवाच्या रागातून भैरव जन्मला आणि त्याने ब्रह्मदेवाचं पाचवं शिर उडवलं. म्हणजे आरंभीच खून. शिराची कवटी त्याच्या हाताला चिकटली ती सुटेना, ब्रह्महत्या पाठीमागे लागली. तीच कवटी पुढे करून तो भिक्षा मागत तिन्ही लोक हिंडला. शेवटी काशीत कपालमोचन तीर्थावर कवटी गळून पडली, आणि त्याच काशीचा तो कोतवाल झाला. आजही काशीत जाणारा माणूस आधी या कोतवालाची हजेरी लावतो. खुनी, फरारी, भिक्षेकरी आणि पोलीस, चौघंही एकाच देवात. आपल्या पूर्वजांना यात काही विसंगत वाटलं नाही. दारात झोळी घेऊन उभा असलेला अनोळखी माणूस प्रत्यक्ष कोतवालही असू शकतो, एवढी शक्यता त्यांनी मोकळी ठेवली होती.

नाथपंथी डवरी गोसावी हे याच भैरवनाथाचे उपासक. अंगात भगवं, हातात डवर हे वाद्य, तोंडी देवाची गाणी, आणि वर्षातले बरेच महिने गावोगाव भिक्षा. सोनारीहून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मंगळवेढ्याला गेलं की त्या तालुक्यात त्यांची वस्ती असलेली गावं लागतात. 1 जुलै 2018 ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. बहुतेक मंगळवेढा भागातलेच पाच डवरी गोसावी तिथे उतरले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला असं कुणीतरी पाहिलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवांनी त्या दिवसांत मोबाईल भरून वाहत होते. जमावाने पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठार मारलं. सोडवायला आलेल्या पोलिसांवरही जमाव तुटून पडला. त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून पाच जणांना जमावाने घेरलं होतं. तिथे एका रहिवाशाने त्यांना घरात घेतलं, पोलीस वेळेत पोचले आणि ते वाचले.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरत असलेल्या व्हिडिओंपैकी एकाचा उगम शोधला गेला, तेव्हा तो निघाला कराचीतला. दुचाकीवरून आलेले दोघे जण खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, असं त्यात दिसत होतं. मूळ चित्रफितीत पुढे ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात: कराचीत मूल पळवायला क्षणही पुरतो, जपा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी एका संस्थेने केलेली ती जाहिरात होती. कुणीतरी शेवटचे काही क्षण कापले. एवढ्या कापाकापीवर एका देशातली दक्षता दुसऱ्या देशात माणसं मारण्याचं कारण बनली. राईनपाड्यानंतर तीन आठवड्यांच्या आत व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली, आणि पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू केली. दूर अमेरिकेत किंवा ब्राझीलमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनमधल्या त्या छोट्याशा अडथळ्यामागे भारतातले हे मृत्यू आहेत, हे त्याला बहुधा कधीच कळणार नाही.

आता एक प्रश्न. मराठवाड्यात हत्याकांड म्हटलं की कुणाच्याही तोंडी मानवतचं नाव येतं. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात गुप्तधनाच्या लोभापायी मुली आणि बायका मारल्या गेल्या. तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींनी त्यावर लिहिलं, 2024 मध्ये मालिका आली. राईनपाड्याचं नाव मात्र किती जणांच्या ओठांवर आहे? पाच खून, भर दिवसा, गावच्या कचेरीत, मोबाईलवर चित्रित झालेले. रहस्य शिल्लक नाही म्हणून आपण विसरलो असं म्हणावं, तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं समजण्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्या वाटेवर पुन्हा सोनारीचाच जिल्हा लागतो.

1853 ते 1857 या काळात नळदुर्गला मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी होता. निजामाने इंग्रजांकडे सोपवलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता. इथे येण्याआधीच, 1839 मध्ये, त्याच्या एका कादंबरीने इंग्लंड गाजवलं होतं: एका ठगाचा कबुलीजबाब. इंग्रजी वाचकाला गुन्हेकथेची जी चटक लागली, तिच्या आरंभीच्या पुस्तकांत हे मोडतं, आणि ते लिहिणारा नंतर तुळजापूर-नळदुर्गच्या मुलखात महसुलाचे हिशेब तपासत बसला होता.

ठगांची रीत साधी होती, म्हणूनच भयंकर. वाटेत प्रवासी गाठायचे, गोड बोलून सोबत धरायची, दिवसचे दिवस एकत्र चालायचं, एकत्र जेवायचं. मग ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेसरशी, रुमालाने गळा आवळायचा. खड्डे बहुधा आधीच खणून तयार असत. पण ही सगळी युक्ती चालली ती रुमालामुळे नव्हे. ती चालली कारण मारला गेलेला माणूस प्रवासात होता. पाच-सहा महिन्यांनी येईन म्हणून गेलेल्याची वाट घरचे पाच-सहा महिने पाहणारच. तो निघाला त्या गावाला वाटे पोचला असेल, पोचायच्या गावाला वाटे निघालाच नसेल. कंपनीचे शिपाई पगाराची पुंजी कनवटीला लावून रजेवर जात आणि परतत नसत, तेव्हा छावणीत त्यांची नोंद पळून गेलेले म्हणून होई. 1810 मध्ये जनरल सेंट लेजर याने शिपायांना ठगांपासून सावध राहण्याचा हुकूम काढला, तोवर असे किती फरारी शिपाई आंब्याच्या झाडांखाली पुरले गेले होते, देव जाणे.

‘गेला असेल कुठेतरी.’ सगळ्या गुन्हेकथांमधलं सर्वांत धोकादायक वाक्य मला हे वाटतं. खुनाचा तपास प्रेतापासून सुरू होतो असं आपण समजतो. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी म्हणावं लागतं की हा माणूस आपणहून गेलेला नाही. तसं म्हणणारं कुणी नसेल, किंवा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नसेल, तर खून झालाच नाही.

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ते ऐकायला सुरुवात केली. पकडलेल्या ठगांपैकी काहींना त्याने माफीचे साक्षीदार केलं, प्रत्येकाला वेगळं बसवून कुठे, कधी, किती जण असं विचारलं आणि जबाब एकमेकांशी ताडून पाहिले. ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या, खुनाच्या जागा नकाशावर उतरवल्या. फिरंगिया नावाच्या नामांकित ठगाने एका मुक्कामी सांगितलं की साहेबाचा तंबू उभा आहे त्याच आमराईत प्रेतं आहेत. खणलं, तर 1818 मध्ये मारलेला एक पंडित आणि त्याची माणसं तंबूच्या दोऱ्यांपाशी निघाली, 1824 मधला हवालदार आणि त्याचे चार शिपाई घोडे बांधले होते त्या जागेखाली. साहेबाची बायको त्याच तंबूत झोपली होती. सहा वर्षं फरारी ठरलेला हवालदार त्या दिवशी फरारी राहिला नाही. बोटांचे ठसे नाहीत, रक्तगट नाही, फक्त एकमेकांना छेदणाऱ्या आठवणी. तपासशास्त्र म्हणून याला आजही दाद द्यावी लागते.

(ठगांचा देवीला बळी देणारा एक संघटित पंथ देशभर होता ही स्लीमनची मांडणी मात्र बऱ्याच इतिहासकारांना फुगवलेली वाटते. वाटमाऱ्या होत होत्या, खून होत होते. त्यांचा धर्म साहेबाच्या कागदांतच जास्त ठसठशीत दिसतो.)

या हुशारीतूनच पुढचं अरिष्ट जन्मलं. विशिष्ट खून विशिष्ट माणसाने केला हे सिद्ध करणं अवघड जात होतं, म्हणून 1836 मध्ये कायदा झाला: ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचं सिद्ध झालं तरी जन्मठेप. गुन्हा काय केलास, याऐवजी तू कुणातला, हा प्रश्न न्यायालयात आला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळीची अटही काढून टाकली. आता जन्म पुरेसा झाला. आधी उत्तरेत, 1911 च्या दुरुस्तीने सगळ्या ब्रिटिश मुलखात. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींची पाळण्यातली पोरंही कायद्याच्या नजरेत होतकरू चोर ठरली. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

1911 च्या कायद्याने या लोकांचे बोटांचे ठसे घ्यायची मुभा दिली. ठसे वर्गवारीने लावून ठेवण्याची पद्धत तेव्हा ताजी होती, आणि ती घडली होती कलकत्त्यात. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी तिचं गणित बसवलं, नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं झालं. जगातलं पहिलं ठसे कार्यालय कलकत्त्यात 1897 मध्ये उघडलं. लवकरच जलपैगुडीत चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा तिथल्या पंचांगावर उमटलेल्या अंगठ्यावरून चोर सापडला. ज्या शोधाने पुढे जगभर बेवारस प्रेतांना नावं मिळवून दिली, तोच शोध आपल्याकडे जिवंत माणसांवर जन्मजात संशयाचा शिक्का मारायला राबवला गेला.

आणि इथे मी थक्क होतो ते एका गोष्टीने. ब्रिटिशांच्या राज्यात पारध्याइतकी मोजदाद कुणाचीच होत नव्हती. दिवसातून ठरावीक वेळा हजेरी, गावाबाहेर जायला पास. तो दिसेनासा झाला तर काही तासांत कळायचं. पण कळायचं ते एकाच अर्थाने: पळाला. वाटेत त्याला कुणी मारलं असेल, ही शक्यता त्या हजेरीवहीच्या रचनेतच नव्हती. छावणीने शिपायाबद्दल जे मानलं, तेच सरकारने एका अख्ख्या समाजाबद्दल कायद्याने मानायला लावलं.

कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले आणि ठाण्यातल्या वह्यांची सवय काही लगेच मोडली नाही. कालपरवापर्यंत तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींचे उल्लेख होते. ते काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 ला सांगावं लागलं.

1998 च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर या विमुक्त जमातीतला तरुण कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, गळफास घेतला. प्रेत घरच्यांना मिळालं. जाळलं की पुरावा संपला, हे उघड होतं. मग त्या वस्तीने जे केलं ते कुठल्याही गुप्तहेराने टोपी काढावी असं आहे. पोलिसांना दिसेल अशा रीतीने त्यांनी चितेवर एक पुतळा जाळला, आणि बुधनला त्याच्याच झोपडीच्या जमिनीत पुरलं. लेखिका महाश्वेता देवींच्या पुढाकाराने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं, प्रेत उकरून पुन्हा शवविच्छेदन झालं, आणि पोलिसांची आत्महत्येची कहाणी कोर्टात टिकली नाही. त्याच जुलैमध्ये न्यायालयाने सीबीआय चौकशी आणि भरपाईचा आदेश दिला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या लोकांनी पुरावा जपला, तोही पोलिसांपासून लपवून. आणि तो कायद्याच्याच हाती दिला.

त्याच वर्षी 8 जूनला बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. लातूरच्या धनेगावचे, ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात घेऊन गेले. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी उभी केलेली चळवळ याच मृत्यूंभोवती आकाराला आली. अहमदाबादच्या छारानगरात त्याच 31 ऑगस्टला छारा मुलांनी बुधनवर नाटक केलं, आणि त्या नाट्यमंडळीने बुधनचंच नाव घेतलं.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या महामार्ग 16 ला लोक अश्रूंचा महामार्ग म्हणतात, इतक्या आदिवासी मुली आणि बायका तिथून नाहीशा झाल्या. पोलिसांचं पहिलं म्हणणं बहुतेक वेळा ठरलेलं: घर सोडून गेली असेल. तिथल्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल 3 जून 2019 ला आला, त्यात न्यायासाठी 231 मागण्या आहेत. अमेरिकेत 2016 या एका वर्षात आदिवासी बायका-मुली बेपत्ता झाल्याच्या 5,712 नोंदी एका सरकारी यंत्रणेत होत्या. न्याय खात्याच्या बेपत्तांच्या यादीत त्यांपैकी उतरल्या 116. काहींचा तर वंशच चुकीचा लिहिला गेला होता, आदिवासी बाई कागदावर गोरी झाली होती.

आपल्या कागदावर काय होतं ते पाहा. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतो. त्याच्यावर अत्याचार झाला तर 1989 चा अॅट्रॉसिटीचा कायदा लागतो, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात त्याचा वेगळा तक्ता असतो. डवरी गोसावी भटक्या जमाती ‘ब’ मध्ये. त्याला तो कायदा नाही, तो तक्ताही नाही. राईनपाड्याचे पाच मृत्यू राज्यातल्या एकूण खुनांच्या आकड्यात विरघळले. जमावाच्या हत्यांची वेगळी माहिती त्या विभागाने 2017 च्या अहवालासाठी गोळा केली होती, पण छापली नाही. आणि मारणारे बहुतेक आदिवासी, मरणारे भटके. यात खलनायक शोधू जाल तर हाती फार काही लागत नाही. ज्यांच्याकडे शहर संशयाने बघतं, त्यांनी आपल्याहून जास्त भटक्या माणसाकडे संशयाने पाहिलं. त्यामुळे शिक्षा कमी व्हावी असं मी म्हणत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही, एवढंच.

एक योगायोग मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून हा वेगळा गुन्हा म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 च्या दुसऱ्या उपकलमात पहिल्यांदा लिहिला गेला. ती संहिता लागू झाली 1 जुलै 2024 ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. कुणी तारीख जुळवली नव्हती.

‘गेला असेल कुठेतरी’ या वाक्यालाही एका जागी कायद्याने उत्तर दिलं आहे. 10 मे 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली, तर ते पळून गेलं असं धरून चालायचं नाही, अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असं धरून गुन्हा नोंदवायचा. गृहीतक उलटं केलं. ठगांपासून चालत आलेली पळवाट निदान मुलांपुरती बंद झाली. मोठ्या माणसासाठी ती अजून उघडी आहे: साधी मिसिंगची नोंद, आणि सात वर्षं काही ठावठिकाणा लागला नाही, की मेल्याचं गृहीत धरता येतं.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माणूस हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, असा कुठलाही कायदा नाही. आणि दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो. पालावर राहणाऱ्याला आपलं ठाणं कोणतं हेच सांगता येत नाही, त्याला याचा उपयोग सगळ्यांत जास्त. तुमच्या गावच्या माळावर पाल पडलं असेल आणि त्यातली बाई सांगत आली की माझा माणूस परत आला नाही, तर तिला ठाण्याचा रस्ता दाखवून थांबू नका. सोबत जा, आणि तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.